टिळकांचे मागणे

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव नवे नाही. जखमी पक्षिणीवरची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता पाठ करता करता ज्यांचे डोळे भरून आले, ती मुले आज घरोघर आजी-आजोबा होऊन बसली आहेत. फुलांमुलांचे कवी ही त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांनी पक्की केली आणि ज्यांनी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली त्यांना एक विक्षिप्त, उदार, शीघ्रकोपी आणि तितकाच प्रेमळ नवराही ओळखीचा झाला. पण नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर म्हणवणाऱ्या जिल्ह्यात, राहुरी, वडाळा, शेवगावकडच्या ख्रिस्ती वस्तीत टिळकांची ओळख वेगळीच आहे. तिथे त्यांची कविता वाचायची नसते. ती टाळ-पेटीवर म्हणायची असते. रविवारच्या उपासनेत, घरातल्या आजारपणात, मुलीच्या लग्नात आणि मयताच्या पुढे. टिळक तिथे कवी आहेत ते नंतर. आधी ते देवाकडे मागायला शब्द देणारे गृहस्थ आहेत.

हे शब्द त्यांना सहज सुचले असे वाटते खरे, पण ते सापडायला त्यांचे अर्धे आयुष्य गेले आणि त्यांच्या संसाराची जी किंमत पडली ती पाहिली म्हणजे या माणसाची प्रार्थना ही देव्हाऱ्यापुरती गोष्ट नव्हती हे ध्यानात येते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मणाचे घर. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक आणि तापट. आई जानकीबाई मऊ मनाची, भक्तिभावाची, कवितेची आवड असणारी. वडिलांच्या धाकाने पोर बावरायचे आणि आईपाशी जाऊन शांत व्हायचे. ती आई मुलगा अकरा-बारा वर्षांचा असतानाच गेली. पुढच्या आयुष्यात टिळकांनी देवाला पुष्कळ नावांनी हाक मारली, पण त्यांच्या तोंडी सर्वांत जास्त रुळली ती ‘माउली’. वारकऱ्यांच्या महाराष्ट्रात ही हाक नवी नव्हे. तरी लहानपणी आई गमावलेल्या माणसाच्या तोंडी ती आली म्हणजे तिला एक निराळा ओलावा येतो, असे मला वाटते.

आई गेल्यावर मुलाने घर सोडले आणि नाशिक गाठले. तिथे गणेशशास्त्री लेले या विद्वानांकडे संस्कृत शिकायला मिळाले. थोडे इंग्रजी शिक्षण झाले, पण शाळा पुरी झाली नाही. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनू त्यांची बायको झाली. ती अकरा-बारा वर्षांची, नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा. हीच पुढची लक्ष्मीबाई. तिच्या माहेरची हकीगत ठाऊक असावी, कारण तिचा पुढे संबंध येणार आहे. लक्ष्मीबाईंचे आजोबा, आईचे वडील, १८५७ च्या बंडात फासावर गेले. त्या धक्क्याने म्हणा की भीतीने म्हणा, त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही, कुणाची सावली चालायची नाही. अशा घरातून आलेली मुलगी आणि कधी कुठे निघून जाईल याचा नेम नसलेला नवरा, असा हा संसार सुरू झाला.

पुढची बारा-तेरा वर्षे टिळक भटकतच होते. कधी मास्तरकी, कधी छापखाना, कधी कीर्तन-प्रवचन. नागपुरात अप्पासाहेब बुटींचा आश्रय मिळाला, संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले, ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी काढले. या काळात त्यांना एकच ध्यास होता. हा देश एक व्हायचा तर जातीपातींच्या वर नेणारा धर्म हवा आणि तो आपल्याला कुठेच का सापडत नाही? मनातल्या मनात त्यांनी स्वतःच एका नव्या पंथाचा आराखडा मांडून पाहिला होता. विचार होता, विद्वत्ता होती, तळमळही होती. फक्त ज्याच्यापुढे मन मोकळे करावे असा कोणी समोर नव्हता.

१८९३ साली नोकरीच्या शोधात ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. आगगाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. गप्पा संस्कृत काव्यावरून धर्मावर गेल्या. उतरताना त्याने टिळकांच्या हातात नव्या कराराची प्रत ठेवली, ती वाचायचे वचन घेतले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून तो निघून गेला. तो कोण होता, कुठला होता, हे टिळकांना अखेरपर्यंत कळले नाही. पुस्तकात विशेष काही नसेल अशीच त्यांची समजूत होती. दिलेला शब्द पाळायचा म्हणून हातात पेन्सिल घेऊन, खुणा करीत ते वाचायला बसले. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायांपाशी आले आणि पेन्सिल तिथेच थांबली.

हे तीन अध्याय म्हणजे ख्रिस्ताचे डोंगरावरचे प्रवचन. शत्रूवर प्रीती करण्याची शिकवण त्यातच आहे आणि गांधीजींवर तिचा किती परिणाम झाला हे आपण जाणतोच. पण या प्रवचनाच्या बरोबर मधोमध प्रार्थनेची शिकवण आहे, तिकडे आपले लक्ष कमी जाते. लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करू नका. आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या आणि जो दिसत नाही त्या बापाशी बोला. शब्दांची जंत्री लावू नका, कारण मागण्याच्या आधीच त्याला तुमची गरज ठाऊक आहे. मग ख्रिस्ताने शिष्यांना एक छोटीशी प्रार्थना शिकवली, जगभरचे ख्रिस्ती लोक आजही रोज म्हणतात ती. तिच्यात भाकर मागितली आहे ती आजच्यापुरती, साठवणीची नव्हे. आणि क्षमा मागितली आहे तीही आपण दुसऱ्याला केलेल्या क्षमेच्या मापाने. लगेच पुढे उद्याची चिंता सोडण्याविषयी बोलताना ख्रिस्ताने दृष्टान्त दिला आहे तो रानातल्या पाखरांचा आणि फुलांचा. फुले, पाखरे आणि बापाच्या भरवशावर निर्धास्त असलेले लेकरू. टिळकांच्या कवितेचे सारे जग इथे आधीच मांडून ठेवलेले होते. त्यांना परक्याच्या पुस्तकात आपलेच मन सापडले, मग ते थांबले नाहीत यात नवल ते काय?

पण मनाला पटणे आणि माणसांना सांगणे यांत अंतर होते, आणि त्या अंतराच्या पलीकडे घरात लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू होता. टिळकांनी वाचन चालू ठेवले, ख्रिस्ती मंडळींशी पत्रव्यवहार केला, आतल्या आत झगडले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून घ्यायचा नाही, आपल्याच देशातल्या पाळकाच्या हातून घ्यायचा, हा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी पुरा करून घेतला. घरी बातमी नंतर गेली.

त्या बातमीने काय झाले हे ‘स्मृतिचित्रे’त आहे आणि ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांनी अवश्य वाचावे. त्या काळी ब्राह्मण घरातला कर्ता पुरुष ख्रिस्ती झाला म्हणजे तो घरच्यांना मेल्यातच जमा असे; फरक इतकाच की मेलेल्याचे सुतक संपते, याचे संपत नसे. बायको धड सवाष्णही नाही, धड विधवाही नाही. वय सव्वीस-सत्तावीस, पदरात चार वर्षांचा मुलगा. लक्ष्मीबाई दुःखाने वेड्यापिशा झाल्या. नातेवाइकांनी त्यांना सांभाळले आणि पुढे त्यांचा मुक्काम पंढरपुरात पडला.

आता इथे एक गोष्ट अशी घडत होती की ती वाचताना आपण थबकतो. पंढरपुरात एक बाई विठोबाच्या पायाशी रोज आपला नवरा परत मागत होती. तिकडे नगरला तो नवरा दार लावून आपली बायको ख्रिस्ताजवळ मागत होता. दोघांचे देव वेगळे, दोघांची भाषा एक, आणि मागणेही खरे पाहता एकच. दोघांचाही आपापल्या देवावर पुरता भरवसा. कुणाचे मागणे ऐकले गेले याचा निवाडा करायला आपण कोण? त्या दुःखातूनच लक्ष्मीबाईंना पहिल्यांदा कविता सुचू लागली, एवढे मात्र त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. ज्या नवऱ्याने त्यांना अक्षरे गिरवायला शिकवली, त्याच्या जाण्याचे दुःख मांडायला ती अक्षरे कामी आली.

टिळकांना या काळात एक सोपी वाट मोकळी होती. १८६६ च्या एका कायद्याप्रमाणे, ख्रिस्ती झालेल्या माणसाची बायको किंवा नवरा धर्माच्या कारणावरून नांदायला तयार नसेल, तर त्याला कोर्टात जाऊन ते लग्न मोडून घेता येत असे आणि पुन्हा लग्न करायला तो मोकळा होई. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. स्वभावाने हा माणूस मुळीच धीराचा नव्हता. घरात चहा वेळेवर झाला नाही तर रुसून बसणारा. अशा उतावळ्या माणसाने चार वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी ही त्यांच्या प्रार्थनेची खरी कसोटी होती, असे मी मानतो. तोंडाने मागणे सोपे असते. मागितल्यावर हात आखडून बसून राहणे अवघड, त्यातून समोरच्याच्या मनावर जुलूम न करता बसणे तर फारच अवघड.

लक्ष्मीबाई आल्या. पण त्या नवऱ्याकडे आल्या, नवऱ्याच्या धर्माकडे नव्हे. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे-ओवळे जसेच्या तसे. आपल्या घरात आपणच परके होऊन टिळकांनी ते चालवून घेतले. धर्म बदल म्हणून त्यांनी बायकोला गळ घातली नाही. बदल झाला तो निराळ्याच दारातून. हा विटाळ, ही शिवाशीव, ही उच्चनीचता देवाने केली की माणसाने, असा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात एकदा उभा राहिला आणि ती माणसानेच केली असे उत्तर त्यांचे त्यांना मिळाले. झाले. धान्यसुद्धा धुऊन घरात घेणाऱ्या बापाची ही मुलगी त्या दिवसापासून कुणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागली. येशू, त्रैक्य, तारण हे सगळे पुढचे. पहिली गळून पडली ती जात. १९०० साली त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला.

ज्या नगरात हे घडले, त्या नगरचे ख्रिस्ती जीवन कसे होते हे थोडे सांगायला हवे. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८१३ साली आणि नगरला १८३१ साली काम सुरू केले. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ साली नगरलाच निघाले. शाळा आल्या, दवाखाने आले आणि धर्मशिक्षणाची सेमिनरी आली. डॉ. रॉबर्ट ह्यूम हे मुंबईतच जन्मलेले अमेरिकन मिशनरी तिचे प्रमुख होते आणि बाप्तिस्म्यानंतर टिळक तिथेच शिकवायला आले. जिल्ह्यात खेडोपाडी ख्रिस्ती झालेली माणसे बहुतेक महार आणि मांग समाजातली. त्यांना गावात पाणवठा नव्हता, देवळाची पायरी नव्हती, आणि बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. त्यातच १८९६ पासून प्लेगची आणि १८९९-१९०० मध्ये दुष्काळाची भर पडली. अनाथ पोरे मिशनच्या दारात येऊन पडत होती.

या लोकांनी प्रार्थना करायची ती कशी? मिशनऱ्यांनी मराठीत गीते केली होती, नाही असे नाही. रेव्हरंड हेन्री बॅलंटाईन यांच्यासारख्यांनी त्यासाठी कष्टही पुष्कळ घेतले. पण त्यातली बरीच गीते विलायती चालींवर बसवलेली. शब्द मराठी, चाल परदेशी, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठेही ओढले जायचे आणि म्हणणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा. मराठी वळणाचा प्रयत्न आधी झालाच नव्हता असेही नाही. कृष्णराव सांगळे यांनी नगर भागात टिळकांच्या कितीतरी आधी ख्रिस्ती कीर्तने सुरू केली होती, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्याहीपूर्वी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांनी गोव्यात ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापले होते. पण ते पोर्तुगीज अमलातले, कॅथलिक पंथाचे, आणि नगरच्या खेडुतापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते.

टिळकांनी जे केले ते असे. ख्रिस्ताशी बोलायला त्यांनी तुकोबांची भाषा घेतली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते उघडपणे सांगत आणि त्यात त्यांना कसलाही कमीपणा वाटत नसे. अभंगाचा छंद, तोच आर्जव, तेच लटके भांडण, तीच सलगी. मी अपात्र आहे हे कबूल, पण तू आई आहेस, मग मला टाकशील कशी, असा रोकडा सवाल. ख्रिस्त त्यांना गुरू झाला, सखा झाला, आणि गुरुमाउली झाला. ज्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरांनी १२९० साली भगवद्गीता मराठीत आणली आणि शेवटी सगळ्या जगासाठी पसायदान मागितले, त्याच जिल्ह्यात सहाशे वर्षांनी आणखी एकाने मराठीतच मागायचे ठरवले, यात परकेपणा शोधणाऱ्याने खुशाल शोधावा.

याचा परिणाम काय झाला? ज्याला वाचता येत नव्हते त्याला प्रार्थना पाठ झाली. अभंगाची चाल कानात आधीपासून होतीच. देवळाबाहेर उभे राहून ती पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली. आता ती त्याची स्वतःची झाली आणि आत बसून म्हणता येऊ लागली. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून आलेली बाई रात्री दिव्याच्या उजेडात टाळ वाजवून टिळकांचे भजन म्हणू लागली आणि त्यात मागता मागता तिला आपले स्वतःचे दोन शब्दही जोडता येऊ लागले. ‘उपासनासंगीत’ या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या पुस्तकात टिळकांची गीते शंभराहून अधिक आहेत. त्यांचे ‘अभंगांजली’ आजही वाचले जाते. त्यांच्या काही गीतांचे इंग्रजी अनुवाद निकोल मॅक्निकल आणि जे. सी. विन्स्लो यांनी केले आणि नगरला रचलेले मराठी मागणे परदेशातल्या चर्चमध्येही गायले गेले. आजवर गीते तिकडून इकडे येत होती. हा उलटा प्रवास होता.

टिळक पुढे पाळक झाले. राहुरीला त्यांचे वास्तव्य झाले, नगरला झाले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे ते संपादक होते. हे सगळे ठीक. पण भरवशाचा माणूस घरात असणे म्हणजे काय, हे लक्ष्मीबाईंना विचारावे. आजची भाकर आज, उद्याची चिंता नाही, हे वाचायला सुंदर आहे. पण महिना चालवणाऱ्या बाईला ते सुंदर वाटेलच असे नाही. टिळकांच्या हातात पैसा आला की तो दारात आलेल्या पहिल्या गरजूच्या हातात जायचा. पाहुणे, विद्यार्थी, अनाथ मुले यांची घरात वर्दळ. देव पाहून घेईल अशी टिळकांची खात्री असे, आणि देवाने पाहून घेईपर्यंत डब्यातले पीठ लक्ष्मीबाई पाहून घेत. त्या हे सगळे पुढे हसत हसत लिहून गेल्या, म्हणून आपणही हसतो. पण टिळकांच्या श्रद्धेचे गुणगान करताना तिचा निम्मा भार कुणाच्या खांद्यावर होता हे विसरून चालणार नाही. त्या खांद्यांचाही एक विश्वास होता. तो कमी बोलका होता, इतकेच.

या घराचे दार किती उघडे होते याची एक खूण म्हणजे बालकवी. १९०७ साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले, त्यात टिळकांचा पुढाकार होता. सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोमरे या मुलाने तिथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा कीर्तिकर यांनी त्याला बालकवी हे नाव दिले. पुढे हा मुलगा नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे वागवले, त्याचे रुसवे काढले. तो हिंदू होता आणि हिंदूच राहिला. त्या घरात रोज प्रार्थना होत होती, पण ती म्हटल्याखेरीज जेवायला मिळणार नाही अशी अट नव्हती. मे १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा या दांपत्याने घरचाच मुलगा गमावला.

वय वाढत गेले तसे टिळकांना मिशनची नोकरी, पगार, गोऱ्या साहेबांची देखरेख आणि पंथापंथांतल्या भिंती यांचा जाच होऊ लागला. देशावर त्यांचे जिवापाड प्रेम होते. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे, हे समीकरण त्यांना मुळीच मान्य नव्हते. १९१७ साली त्यांनी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताचे शिष्य मग ते बाप्तिस्मा घेतलेले असोत की नसोत, त्यांनी एकत्र बसावे, भजन करावे, सेवा करावी अशी ती कल्पना होती. मिशनमधल्या कित्येकांना ती धाडसाची वाटली. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य कसा, हा त्यांचा प्रश्नही त्यांच्या परीने खराच होता. टिळकांनी त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा भजन घालणे पसंत केले. या संन्यासात बायको होती, हे सांगायला नकोच. संन्यास घेऊनही संसार सुटला नाही असा हा एक विरळा संन्यासी.

दरबाराला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. टिळक आजारी पडले, उपचारासाठी मुंबईला आले आणि ९ मे १९१९ रोजी जे. जे. हॉस्पिटलात वारले. वय सत्तावन्न. ख्रिस्ती लोकांत पुरण्याची रीत असता आपल्या देहाला अग्नी द्यावा अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. रक्षा नगरला नेण्यात आली. तिथे त्यांची समाधी आहे.

एक काम मात्र अर्धवट राहिले होते. रामायणाच्या धर्तीवर ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करायचे, ‘ख्रिस्तायन’, असे टिळकांनी मनावर घेतले होते. त्याचे काही अध्याय लिहून झाले आणि ते गेले. कागद लक्ष्मीबाईंच्या ताब्यात आले. या बाईंचे शिक्षण ते किती? नवऱ्याने घरी शिकवले तेवढेच, आणि जोडाक्षरांशी त्यांचे अखेरपर्यंत फारसे जमले नाही. टिळकांच्या हयातीत त्यांच्या कवितेपुढे आपली कविता म्हणजे काय, असेच त्या म्हणत आल्या. त्यांनी ते कागद उघडले आणि पुढे लिहायला घेतले. एक-दोन नव्हे, चौसष्ट अध्याय. नगर-नाशिककडे फिरताना, कीर्तने करताना, नातवंडे सांभाळताना, आजारपणे काढताना त्या लिहीत राहिल्या. मध्येच मुलाच्या आग्रहावरून टिळकांच्या आठवणी लिहिण्याचे कामही अंगावर आले आणि त्यातूनच ‘स्मृतिचित्रे’ झाली.

एकेकाळी पंढरपुरात बसून ज्याच्यामुळे आपला संसार मोडला असे त्यांना वाटत होते, त्याच ख्रिस्ताचे चरित्र त्या ओवीत सांगत होत्या. तेही जात्यावरच्या बाईला सहज म्हणता यावे अशा भाषेत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई वारल्या. ‘ख्रिस्तायन’ संपूर्ण छापून आले ते १९३८ साली. शेवटचा अध्याय देवदत्त टिळकांचा आहे, म्हणजे त्या चार वर्षांच्या दत्तूचा.